पायगुण

काम करणाराने फळाची आशा धरू नये, ही शिकवण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ती आचरणात किती येते हा भाग वेगळा. तिचा अर्थ तरी आपल्याला कळतो. परंतु ज्याच्या वाट्याला काम मुळीच आले नाही आणि फळाची आशा मात्र सोळा आणे आली, त्याने काय करावे, याविषयी फारसे कोणी बोललेले नाही. महाभारतात असा एक गृहस्थ आहे. तो रणांगणावर नव्हता, त्याच्या हाती शस्त्र नव्हते, डोळ्यांना दिसतही नव्हते. दूर बसून तो दुसऱ्याच्या तोंडून हकीकत ऐकत होता आणि आपली मुले जिंकावीत अशी आस धरून होता. गीता सांगितली गेली अर्जुनाला. धृतराष्ट्राच्या कानावर ती नुसती पडली. तिचा त्याला उपयोग झाला नाही यात नवल नाही. त्याचा प्रश्नच वेगळा होता.

फुटबॉलच्या एखाद्या क्लबावर जीव लावून बसलेल्या माणसाची स्थिती बरीचशी अशीच असते. चेंडूला त्याचा पाय लागत नाही, खेळाडू निवडताना त्याला कोणी विचारत नाही, आणि संघ हरला की रात्रीचे जेवण मात्र त्याला गोड लागत नाही. त्यातही क्लब नवा प्रशिक्षक नेमतो (विलायतेत त्याला मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे दोन्ही शब्द चालतात) तेव्हाचे त्याचे मन पाहण्यासारखे असते. एरवी आशेला काही ना काही आधार लागतो. आभाळात ढग दिसले तर शेतकरी पावसाची आशा करतो. या आशेला तसला आधार लागत नाही. किंबहुना माणूस जितका अनोळखी, तितकी ती मोठी.

मी राहतो ते नवघर भाईंदर स्टेशनच्या पूर्वेला आहे. एके काळचे गाव. आज गावाचे नाव रस्त्याला उरले आहे आणि रस्त्याच्या दुतर्फा इमारती उभ्या आहेत. आमच्या शेजारी एक तरुण आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी हा क्लब निघाला, तेव्हा तो शाळेत होता. पहिली दोन वर्षे क्लबाचे घरचे सामने नेरूळला होत. भाईंदरहून नेरूळ म्हणजे दादरला एकदा आणि कुर्ल्याला एकदा गाडी बदलणे आले. पुढे सामने अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात होऊ लागले तेव्हा घरात पेढे वाटायचेच तेवढे त्याने बाकी ठेवले. या मुलाच्या तोंडून मी एक वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की ते आता मला पाठ झाले आहे: "काका, या वेळेला माणूस बरोबर मिळालाय." इंग्लंडचा पीटर रीड आला तेव्हा तेच, फ्रान्सचा निकोला अनेल्का खेळता खेळता प्रशिक्षकही झाला तेव्हा तेच, कोस्टा रिकाचा गिमाराएस, पोर्तुगालचा जॉर्ज कोस्टा, स्पेनचा सर्जिओ लोबेरा, इंग्लंडचा डेस बकिंगहॅम, झेक देशाचा पेट्र क्रात्की यांच्या वेळीही तेच. माणूस बदलला, वाक्य बदलले नाही. "कशावरून म्हणतोस?" असे विचारावे तर "बघाच तुम्ही" एवढेच उत्तर.

मी त्याला हसत नाही. हेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. नवी सून माप ओलांडून आत येते, तेव्हा सारे घर तिच्या पावलांकडे पाहत असते. ती कशी आहे हे अजून कोणालाच ठाऊक नसते. पण त्या वर्षी गाय व्याली, थकलेले देणे वसूल झाले, कोर्टातला दावा जिंकला, तर तो तिचा पायगुण. आणि उलटे झाले, तर तोही तिचाच.

या दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण माझ्या माहितीतले आहे. भाईंदरच्या परिसरात मिठागरे होती, हे जुन्या माणसांना सांगायला नको. माझी एक चुलत आजी लग्न होऊन घरात आली ती उन्हाळ्यात, ऐन मिठाच्या दिवसांत. मीठ वाफ्यांतून ओढून राशी घातलेल्या होत्या. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस कोसळला आणि वर्षाचे मीठ पाण्याबरोबर खाडीत गेले. मीठ पिकते ते भरतीच्या पाण्यावर, उन्हावर आणि वाऱ्यावर. हे त्या घरातल्या पोरासोरांनाही कळत होते. तरी तिला "पांढऱ्या पायाची" म्हटले गेले. पुढे चांगली वर्षेही आली; त्यांचे श्रेय मात्र थोरल्या मुलाच्या जन्माला मिळाले. ती ऐंशी वर्षे जगली. शेवटपर्यंत ती नव्या घरात सर्वांच्या मागून पाऊल टाकी. कोणी तिला तसे करायला सांगत नव्हते. आता सांगण्याची गरजच उरली नव्हती.

पायगुण या कल्पनेत अन्याय आहे तो दोषाच्या वेळीच तेवढा दिसतो. माझ्या मते तो कौतुकाच्या वेळीही असतोच. फक्त तो कोणाला बोचत नाही. ज्याच्या हाती जे नव्हते ते त्याच्या नावावर लिहिणे, हा हिशेबच खोटा. आणि एकदा जमेच्या बाजूला खोटी रक्कम मांडली की खर्चाच्या बाजूला ती कधीतरी मांडावी लागतेच.

फुटबॉलच्या बाबतीत हा हिशेब कोणी तपासून पाहिला आहे काय? पाहिला आहे. हॉलंडच्या व्यावसायिक लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील मोसम घेऊन एका अर्थशास्त्रज्ञाने अशी तुलना केली: पडत्या काळात ज्या क्लबांनी प्रशिक्षक बदलला ते एका बाजूला, आणि तितक्याच पडत्या काळात ज्यांनी बदलला नाही ते दुसऱ्या बाजूला. प्रशिक्षक बदललेले क्लब सावरले, हे खरे; पण न बदललेलेही जवळजवळ तसेच सावरले. कारण उघड आहे. प्रशिक्षकाला काढतात ते ओळीने पाच-सहा सामने हरल्यावर, आणि अशी ओळ कधीतरी संपायचीच असते. ती संपते त्या वेळी जो दारात उभा असेल, त्याचा पायगुण चांगला ठरतो.

मग प्रशिक्षक कोणीही असला तरी सारखेच काय? असे मी मुळीच म्हणत नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम व्यवसायाने शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जाकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळवले. मधल्या काळात, १९५६ साली, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपला संघ चौथा आला, आणि तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईत खेळणारा गडी होता. रहीम १९६३ साली कर्करोगाने गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही. एका माणसाने केवढा फरक पडतो, याला याहून वेगळा दाखला नको. मात्र रहीमांच्या हाती संघ दहाबारा वर्षे होता. माणसाचे मोल ठरायला असा काळ जावा लागतो, आणि आपण त्याच्याकडे मागतो पहिल्याच सामन्यात.

याच संदर्भात मला खालिद जमील यांची हकीकत विचार करण्याजोगी वाटते. मुंबई सिटीच्या आधी या शहरात मुंबई एफसी नावाचा एक क्लब होता. २००७ साली निघालेला, पैशाने बेताचा. जमील त्याच्याकडून खेळले आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याचे प्रशिक्षक झाले. सात वर्षे राहिले. त्या सात वर्षांत क्लबाने एकही करंडक जिंकला नाही. पण तो आय लीगमधून खालीही घसरला नाही. खेळ डोळ्यांना सुखावणारा नव्हता, अशी तक्रार मीही लोकांकडून ऐकली आहे. बुडू न देणे हे काम असे आहे की जोवर ते होत असते तोवर कोणाला दिसत नाही. २०१६ साली क्लबाने माणूस बदलला. नवी आशा आली. जमील मिझोरममधल्या ऐझॉल एफसीकडे गेले. तो क्लब आदल्याच मोसमात खालच्या श्रेणीत घसरलेला. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून परत घेतलेला. मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या संघात होते. २०१६-१७ च्या त्या मोसमात ऐझॉल आय लीगचा विजेता ठरला, आणि त्याच तक्त्यात अगदी तळाशी मुंबई एफसीचे नाव होते. क्लब घसरला आणि पुढे बंदच पडला.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा लगेच म्हणतो, "म्हणजे पायगुण ऐझॉलला लाभला!" शब्द किती चिवट असतो पाहा. खरे तर सात वर्षांत त्या माणसाने जे कमावले होते ते तो बरोबर घेऊन गेला; मुंबईला ते शिल्लक म्हणून दिसलेच नाही, कारण आपण करंडकाच्या रकान्यात शोधत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हेच जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. तेरा वर्षांनी ही जागा एका भारतीयाकडे आली. पहिल्याच स्पर्धेत संघ मध्य आशियात जाऊन तिसरा आला, तेव्हा त्यांना डोक्यावर घेतले गेले. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. त्या दोन गोष्टींत अंतर होते साधारण पाच आठवड्यांचे. एवढ्या अवधीत माणूस शहाणा किंवा मूर्ख होत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. सुनेला कोणी पगार देत नाही. प्रशिक्षकाला देतात, आणि तो भरघोस असतो. अपेक्षांचे ओझे ही त्या पगाराचीच दुसरी बाजू नव्हे काय? येथे मला आशा आणि अपेक्षा हे दोन शब्द वेगळे ठेवावेसे वाटतात. अपेक्षा हे देणे आहे. त्याला करार लागतो. क्लबाने करार केला आहे, त्याने अपेक्षा करावी, पुरी न झाल्यास माणूस काढावा. मी करार केलेला नाही. माझ्याजवळ आहे ती आशा, आणि ती मी त्याला न विचारता त्याच्यावर ठेवली आहे. न मागता दिलेल्या वस्तूचे व्याज मागायला जाऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम भर मोसमात क्लब सोडून ऑक्सफर्डला, आपल्या जन्मगावच्या क्लबाकडे गेले, तेव्हा आमचा तरुण "दगा दिला" म्हणून दोन दिवस धुमसत होता. ज्याने वर्षभरापूर्वी ओळीने अठरा सामने न हरता नेले, आशियाच्या स्पर्धेत इराकी संघाला हरवून कोणत्याही भारतीय क्लबाला न जमलेली गोष्ट केली, त्याला! मी म्हटले, "अरे, लोबेरांना गोव्याने २०२० साली असेच भर मोसमात काढले होते, संघ चांगला खेळत असताना. तेव्हा तुला वाईट वाटले होते?" तो हसला. वाईट कसे वाटेल? त्यामुळेच तर लोबेरा मुंबईला मिळाले. निष्ठेची मागणी आपण एकाच बाजूने करतो.

त्या लोबेरांच्या मोसमाची एक गोष्ट मला विसरता येत नाही. २०२०-२१ चा तो मोसम साथीमुळे सगळा गोव्यात, रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. सात वर्षे ज्याची वाट पाहिली ते त्याच वर्षी घडले: साखळीतही पहिले, आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात अखेरच्या मिनिटाला बिपिन सिंगच्या गोलाने मोहन बागानवर २-१ असा विजय. प्रेक्षागृहात कोणी नव्हते. आमच्या शेजारच्या घरातून एक आरोळी ऐकू आली. थोड्या वेळाने तो मुलगा माझ्याकडे आला, पेढे घेऊन. पण त्याचा चेहरा काही फुललेला नव्हता. म्हणाला, "काका, जिंकलो खरे, पण मी काही केलं नाही असं वाटतंय." मला ते उत्तर फार मोलाचे वाटले. नेरूळला दोनदा गाडी बदलून जाणे, उभ्याने परत येणे, रात्री साडेअकराला नवघर रस्त्याने चालत घरी पोचणे, घसा बसणे, हे तो आपले काम समजत होता. बाहेरून पाहणाराला ते हास्यास्पद वाटेल, कारण त्याने गोल होत नाही. परंतु त्या कामानेच त्याची आशा धृतराष्ट्राच्या आशेहून वेगळी झाली होती. आणि ज्या वर्षी काम हिरावले गेले त्याच वर्षी फळ पदरात पडले, तेव्हा त्याला ते उष्टे लागले.

५ ऑगस्ट २०२५ रोजी जॉर्ज कोस्टा गेले. वय त्रेपन्न. २००४ साली पोर्टोने युरोपचा चषक जिंकला तेव्हा त्या संघाचे ते कर्णधार होते. मुंबईत मात्र दोन वर्षांत त्यांनी काहीही जिंकले नाही. मार्च २०१९ मध्ये उपान्त्य फेरीचा पहिला सामना अंधेरीत झाला आणि गोव्याने तो ५-१ असा जिंकला. गोव्याचे प्रशिक्षक त्या वेळी लोबेराच होते. संध्याकाळी बातमी आली तेव्हा आमचा तरुण जिन्यात भेटला. मला वाटले तो त्या पाच गोलांची आठवण काढील. तो म्हणाला, "तीन दिवसांनी परतीचा सामना होता, गोव्यात. चार गोल मागे होतो. काही मिळणार नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. तो सामना आपण १-० जिंकलो, काका. मी पाहिलाय."