उसन्या अवयवांचा सैतान



सैतान कसा दिसतो? शिंगे, नखे, वटवाघळाचे पंख, असे रूप आपल्या डोळ्यांसमोर चटकन उभे राहते. युरोपातील जुन्या छापचित्रांत तो असाच भेटतो.

त्यांतील एक चित्र कोलमारचे मार्टिन शोनगाऊअर ह्यांचे आहे. सोनाराच्या ह्या मुलाने १४७० ते १४७५ च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर संत अंतोनींची परीक्षा कोरली. हे पदुआचे संत अंतोनी नव्हेत. हे इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासात राहिलेले, सन ३५६ मध्ये देवाघरी गेलेले मठाधिपती. त्यांचा सण आपण १७ जानेवारीला साजरा करतो. चित्रात सैतानांनी त्यांना हवेत उचलून धरले आहे. कोणी झगा ओढतो, कोणी सोटा उगारतो. संतांचा चेहरा मात्र शांत आहे.

मायकेलअँजेलो ह्यांनी लहान वयात हे चित्र रंगांत उतरवले. त्यांचे चरित्रकार कोंडिव्ही सांगतात, की सैतान खरे वाटावेत म्हणून ते मासळीबाजारात जाऊन माशांचे पर आणि डोळ्यांचे रंग न्याहाळत.

सैतान रंगवायला मासळीबाजार! ह्यातच आपल्यासाठी धडा आहे. सैतानाजवळ स्वतःचे असे काहीच नाही. खवले माशांचे, पंख वटवाघळाचे, शिंगे बोकडाची. हे सारे जीव देवाने निर्माण केले आणि ते चांगले आहेत असे त्याने पाहिले. वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, असे संत ऑगस्टीन शिकवतात. सैतान निर्माता नाही. तो देवाच्याच वस्तू उसन्या घेतो आणि त्यांची वेडीवाकडी जुळणी करतो.

आपल्या घरात वेगळे काय घडते? जीभ देवाची स्तुती करण्यासाठी मिळाली, तिनेच आपण शेजाऱ्याची चहाडी करतो. लेकरांवरची माया ही देवाची देणगी, पण 'मुलांसाठीच तर करतो' असे म्हणत आपण सख्ख्या भावाच्या वाट्याची जमीन दाबून बसतो. बारशा-लग्नाचा आनंद पवित्र, पण तो बाटलीत बुडतो. अशा वेळी सैतान शिंगे घेऊन येत नाही. तो आपल्याच चांगल्या गोष्टी अंगावर घालून येतो, म्हणून तो ओळखू येत नाही.

तरीही आपण घाबरू नये. जे उसने नेले आहे, ते परत आणता येते. प्रायश्चित्त संस्काराला जाताना केवळ पापांची यादी नेऊ नये. देवाचे कोणते दान आपल्या हातून वाकडे झाले, हे स्वतःला विचारावे आणि ते दान प्रभूच्या हाती द्यावे. भावाशी अबोला असेल, तर ह्याच आठवड्यात त्याच्या दाराशी जावे.

हे प्रभू येशू, संत अंतोनींना दिलेली शांती आम्हांलाही दे. जे आमच्या हातून विकृत झाले, ते तू पुन्हा सुंदर कर. आमेन.