रजेचा अर्ज

आमच्या परिचयातील एक भगिनी पंधरावीस माणसांच्या एका खाजगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहत असे. सहावा महिना लागला तेव्हा तिने रजेचा अर्ज लिहिला आणि तो आम्हांस वाचावयास दिला. पहिलेच वाक्य होते, ‘आपणांस होणाऱ्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे.’ साहेबांनी अर्ज सौजन्याने वाचला. ‘तीन महिने पुरेत ना? पुढे तुमच्या बढतीचेही पाहायचे आहे,’ एवढेच ते म्हणाले. तिने तीन महिन्यांना होकार दिला.

त्या दालनात घासाघीस कशाची झाली? मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात १९२८ साली कामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले, तेव्हा मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे, ह्या भूमिकेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ साली देशासाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. स्त्रीला आपल्या प्रगतीसाठी मातृत्वाची किंमत मोजावी लागू नये अशी कामाची रचना हवी, हे पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीही १९८१ साली श्रमाविषयीच्या विश्वपत्रात सांगितले. म्हणजे जे तिचे होते, त्यातलेच अर्धे तिला कृपा म्हणून परत मिळाले. आणि वर तिने आभारही मानले!

मालकाची अडचण खोटी आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. राज्य कामगार विम्याचे संरक्षण नसेल, तर रजेचा पगार त्यालाच द्यावा लागतो. लहान धंद्याला तो जड जातो आणि मग तरुण विवाहितेला नोकरी देतानाच हात आखडतो. हा भार मुख्यतः शासनाने उचलावा, हे आंबेडकरांनी त्याच भाषणात मान्य केले होते. तेव्हा मालकाने भांडावे ते शासनाशी. तो वाटाघाट करतो ती मात्र अशा बाईशी, जिला त्या घटकेला ‘नाही’ म्हणणे सर्वांत कठीण असते.

येथवर लिहिताना आमची लेखणी अडखळली नाही. पण मालक काय केवळ कार्यालयातच असतात? वसईहून चर्चगेटला जाणाऱ्या आमच्या सुनेच्या २६ आठवड्यांसाठी आम्ही घरात तावातावाने बोललो होतो. त्याच वर्षी आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंना दिवस गेले. घराच्या उंबऱ्याआत हा कायदा येत नाही. त्यांनी अर्ज केला नाही, रजा हा शब्दही उच्चारला नाही. स्वतःच शेजारची बदली बाई आणून उभी केली. आम्ही पगार बदली बाईला दिला आणि ह्यांना बाळंतविडा पाठविला. त्या काळात त्यांची चूल कशावर पेटली, हा प्रश्न आमच्या घरात कोणी काढला नाही, आम्हीही नाही.

सव्वा महिन्याने त्या कामावर परतल्या. बाळाला कोठे ठेवून येता, हे विचारावयास आम्हांस आणखी एक आठवडा लागला.