फाईल कोणी उघडली?

आमच्या अकाउंट्समधल्या ताईंचा कॉम्प्युटर सकाळी लॉगिन व्हायला सात-आठ मिनिटं घ्यायचा. तोवर त्या डबा ठेवून यायच्या, चहा घेऊन यायच्या, तरी स्क्रीनवरचं ते गोल फिरतच असायचं. "अरे, तुझं काहीतरी चालतं ना रात्री याच्यावर? बघ की एकदा," असं त्यांनी तिसऱ्यांदा सांगितल्यावर मी बघितलं.

रात्री माझं खरंच चालायचं. शाखांकडून येणाऱ्या साठेक एक्सेल फाईल्स एका शेअर्ड फोल्डरमध्ये पडायच्या. माझी स्क्रिप्ट अडीच वाजता टास्क शेड्युलरमधून उठायची, एक्सेल सुरू करायची, फोल्डरमध्ये असेल ती प्रत्येक फाईल उघडून आकडे मुख्य शीटमध्ये ओढायची आणि बंद करायची. फोल्डरची परवानगी ताईंच्या लॉगिनला होती, म्हणून जॉबही ताईंच्या लॉगिनवर, त्यांच्याच मशीनवर. पासवर्ड त्यांनीच दिला होता. वेगळं लॉगिन मागायचं तर फॉर्म, मंजुरी, दोन आठवडे. कोण करतो?

सापडलं ते असं. युजरच्या प्रोफाइलमध्ये खोल कुठेतरी ऑफिसचा स्वतःचा एक 'रीसेंट' फोल्डर असतो. एक्सेलमध्ये फाईल उघडली की तिथे तिचा शॉर्टकट पडतो, एलएनके एक्स्टेन्शनची एवढीशी फाईल. आमच्या फाईल्सच्या नावात रोजची तारीख, त्यामुळे रोज साठ नवे शॉर्टकट. सहा महिन्यांत दहा हजारांवर गेले होते. आमच्याकडे प्रोफाइल सर्व्हरवर असतं आणि लॉगिनच्या वेळी मशीनशी जुळवून घेतलं जातं. ताई चहा आणायला जायच्या तेव्हा हा ढीग चाळला जात असायचा.

एक्सेलला फाईल उघडायला सांगताना 'हिला अलीकडच्या यादीत टाकू नकोस' असं सांगायची सोय आहे, अ‍ॅड-टू-एमआरयू नावाची. ती वापरून पाहिली. यादी स्वच्छ राहिली, शॉर्टकट पडतच राहिले. मग मी तेच केलं जे शुक्रवारी संध्याकाळी कुठलाही इंजिनिअर करेल. स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ घातली: त्या फोल्डरमधले सगळे शॉर्टकट उडव. सोमवारी लॉगिन अर्ध्या मिनिटात झालं. ताईंनी मला कांदाभजी खिलवली.

खरं तर मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवलंय की ऑफिसचे प्रोग्रॅम समोर माणूस नसताना आपोआप चालवण्यासाठी बनवलेले नाहीत. तसा वापर ते सुचवत नाहीत आणि त्याला सपोर्टही देत नाहीत. मी ते वाचलं होतं. मला वाटलं, हे क्रॅशबद्दल असेल, रात्री एखादा डायलॉग बॉक्स उघडून एक्सेल अडकून बसण्याबद्दल असेल. तेही आहेच. पण त्यामागचं गृहीतक साधं आहे: एक्सेलच्या लेखी खुर्चीवर कायम कोणीतरी बसलेलं असतं. त्या शॉर्टकटचं म्हणणंही तेच होतं. 'तुम्ही परवा ही फाईल उघडली होतीत, परत हवी आहे का?' हे तो त्या माणसाला विचारत होता जो त्या वेळी घरी झोपलेला होता.

चार महिन्यांनी पगारवाढीची एक शीट कोणाच्या तरी चुकीने त्या शेअर्ड फोल्डरमध्ये दोन दिवस राहिली, आणि तिच्यातले आकडे ऑफिसभर झाले. चौकशी सुरू झाली. आयटीने सर्व्हरच्या लॉगमधून त्या एका फाईलपुरत्या ओळी काढून दिल्या. तीन नोंदी होत्या, तिन्ही ताईंच्या लॉगिनच्या. रात्री अडीचच्या दोन आणि दुपारी ४ वाजून १० मिनिटांची एक.

ताईंना मीटिंग रूममध्ये बोलावलं. काचेची रूम, आम्ही सगळे बाहेर. मला त्याच क्षणी कळलं होतं की रात्रीच्या दोन नोंदी माझ्या आहेत. आणि मी दीड दिवस गप्प बसलो. कारणं होती, स्वतःला पटतील अशी. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं नियमाबाहेर होतं. शिवाय त्या स्वतःच सांगतील की रात्री जॉब चालतो, असंही वाटलं. पण त्यांना कुठे माहीत होतं की 'जॉब चालतो' म्हणजे त्यांच्या नावाने फाईल उघडली जाते? त्यांना एवढंच माहीत होतं की त्यांनी काही केलेलं नाही.

आपल्या भाषेत 'फाईल उघडली' या वाक्याची एक गंमत आहे. ते 'दार उघडलं'सारखं आहे. दार कोणीतरी उघडलं, किंवा दार आपलं आपण उघडलं, क्रियापद तेच. पहिल्या अर्थात कर्ता बोलायचा राहिलेला असतो, दुसऱ्यात दार स्वतःच कर्ता. शाळेत प्रयोग ओळखताना या जागी हमखास मार्क जायचे. रात्री अडीचला आमच्याकडे जे व्हायचं ते मी मनात कायम दुसऱ्या अर्थाने घेतलं होतं: फाईल उघडली, आकडे आले, फाईल बंद झाली. लॉगला मात्र कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिथे त्याने हाती आलेलं नाव लिहिलं.

सरकारी पत्र कधी नीट बघितलंय? साहेब जागेवर नसतील तर हाताखालचा अधिकारी सही करतो आणि हुद्द्यापाशी 'करिता' असं लिहिलेलं असतं. सही एकाची, अधिकार दुसऱ्याचा, आणि हे कागदावरच दिसतं. आपण सरकारी कारभाराला कितीही हसलो तरी ही सोय शहाणपणाची आहे. मी ताईंच्या लॉगिनवर जे करत होतो त्यात 'करिता' कुठेच नव्हतं. तसं ते असू शकलं असतं. जॉबचं वेगळं लॉगिन, स्वतःच्या नावाचं, म्हणजे 'करिता'च. तेच मी दोन आठवडे वाचवण्यासाठी टाळलं होतं.

शेवटी मी मॅनेजरला सगळं सांगितलं. अडीचच्या नोंदी जॉबच्या वेळेशी जुळल्या, विषय जवळजवळ मिटला. उरली ४:१०ची नोंद. ताई म्हणाल्या, "मी उघडली नाही." मॅनेजर म्हणाले, ठीक आहे.

ते शॉर्टकट असते तर? फॉरेन्सिकवाले या क्षुल्लक फाईल्सना किती मानतात हे मी नंतर वाचलं. त्यात मूळ फाईलचा पूर्ण पत्ता असतो, तिच्या वेळा असतात, डिस्कचा सीरियल नंबर असतो, बऱ्याचदा कॉम्प्युटरचं नावही. मूळ फाईल डिलीट झाली तरी शॉर्टकट मागे राहतो. त्या दुपारी त्या मशीनवर आणखी काय काय उघडलं गेलं ते त्या फोल्डरमध्ये दिसलं असतं. ओळीने साठ शाखांच्या फाईल्स असत्या तर ती माझी स्क्रिप्ट, एकटीच असती तर माणूस. पण माझ्या त्या ओळीने माझे शॉर्टकट आणि ताईंचे शॉर्टकट असा भेद केलाच नव्हता. रोज रात्री ती दोन्ही उडवत होती. चार महिने मी त्याला सफाई म्हणत होतो.

आणि यात एक गोष्ट अशी आहे जी मी मॅनेजरला सांगितली, पण 'शक्यता' म्हणून. मी अधूनमधून दुपारी ताईंच्या मशीनवर बसून स्क्रिप्ट हाताने चालवून बघायचो. त्या दिवशी चालवली होती का, ते मला आठवत नाही. स्क्रिप्टचा स्वतःचा लॉग मी असा लिहिला होता की प्रत्येक वेळी जुना पुसून नवा सुरू व्हावा, उगाच मोठा होऊ नये म्हणून. सर्व्हरच्या लॉगमधल्या इतर फाईल्सच्या नोंदी मागितल्या, तर तोवर जागा भरून त्यांच्यावर नव्या नोंदी आल्या होत्या.

आता जॉबला स्वतःचं लॉगिन आहे. फॉर्मला नऊ दिवस लागले. डिलीटची ओळ काढली. शॉर्टकट आता जॉबच्याच प्रोफाइलमध्ये साठतात आणि दर तिमाहीला मी ते झिप करून ठेवतो. ताईंनी पासवर्ड बदलला, मला सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही. मागच्या आठवड्यात चहा घेताना त्या म्हणाल्या, "एक विचारू? त्या दुपारची ती तूच उघडली होतीस ना?"

मी म्हणालो, "असेल, ताई. मला खरंच माहीत नाही."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. म्हणजे काय वाटलं, ते मी विचारलं नाही.