उपरी आणि मुदत

दयेची मुदत संपली म्हणजे आपले कर्तव्यही संपते काय? २०२० साली महामारीने विमाने थांबली, तेव्हा थायलंडच्या सरकारने तेथे अडकलेल्या परदेशीयांच्या मुक्कामाची मुदत आपण होऊन वाढविली. ३१ जुलैपर्यंत, पुढे २६ सप्टेंबरपर्यंत. एरवी मुदत उलटल्यास दिवसाला ५०० बाथ दंड पडतो. सवलत उदारच होती. परंतु तारीख जवळ येई तसतशी घालमेल वाढे. कित्येकांचे घरदार तेथेच होते, आणि मायदेशाची वाट सर्वांना खुली नव्हती.

सीमा राखण्याचा राज्याचा अधिकार आपण नाकारू नये. तथापि ज्याला आपण थांबू दिले, त्याने त्या विश्वासावर संसार मांडला, तर त्याला टांगणीवर ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. ‘राहा’ किंवा ‘जा’ हे वेळेवर सांगणे ही दया नव्हे, तो न्याय आहे. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएलास भूमीचे धनी नव्हे, तर आपल्याजवळचे उपरी म्हणतो. ज्याचा स्वतःचाच मुक्काम मुदतीचा, त्याने दुसऱ्याच्या मुदतीविषयी निष्ठुर व्हावे काय? आपल्या घरी भाड्याने राहणाऱ्यालाही उद्याचे उत्तर आजच द्या.