वाटेवरील जीव

मुंबईहून गुजरातेकडे जाणारा महामार्ग मीरा-भाईंदरच्या हद्दीत काशीमिरा येथे घोडबंदर रस्त्यास मिळतो व पुढे वसईची खाडी ओलांडतो. येथे वाहनांची रांग खोळंबणे हे रहिवाशांस नवीन नाही. मालमोटारीत कापड वा लोखंड असेल तर खोळंब्याने व्यापाऱ्याचा वेळ तेवढा जातो. परंतु त्याच रांगेत प्रयोगशाळेकडे निघालेल्या उंदरांच्या वा सशांच्या पेट्या असतील, तर वैशाखातील त्या दोन तासांच्या दुःखाचा धनी कोण, हा प्रश्न धर्मविचार करणाऱ्यास टाळता येत नाही.

प्राण्यांवर प्रयोग करावेत की न करावेत, हा मोठा वाद आहे. त्याचा निर्णय येथे करावयाचा नाही. प्रयोगाचा कैवारी म्हणतो की, परळच्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरील औषध केले व त्याने शेतात राबणारी माणसे वाचली. हे खरे आहे. एका जीवाच्या पीडेतून दुसऱ्याचे रक्षण झाले, असे तेथे निदान म्हणता तरी येते. पण वाटेत तहानेने मेलेल्या सशापासून कोणते औषध निघते? प्रयोगाचे समर्थन ज्या फळावर उभे आहे, ते फळच येथे नाही. म्हणून ते समर्थन प्रवासाच्या दुःखाला लावता येत नाही.

१९५५ साली भारतातून परदेशी प्रयोगशाळांकडे निघालेली शेकडो माकडे लंडनच्या विमानतळावर हवा न मिळालेल्या गाडीत कोंडून मेली. त्यांना कोणी मारावयास निघाले नव्हते. दार लावणारा आपले काम करीत होता. क्रौर्य नसूनही हिंसा घडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागू नये. पुढे १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने अशा माकडांची निर्यातच बंद केली.

राज्याच्या कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे कलम १४ नव्या ज्ञानासाठी केलेल्या प्रयोगास मोकळीक देते. परंतु अनावश्यक यातना होतील अशा रीतीने प्राणी वाहून नेणे कलम ११ प्रमाणे अपराधच आहे. १९७८ च्या वाहतूक नियमांत तर किती मापाच्या पिंजऱ्यात किती माकडे ठेवावीत, हेही सांगितले आहे.

उंदरास माणसाप्रमाणे घामाने अंग निववता येत नाही. उष्मा वाढला की तो आपली लाळ अंगास फासतो. मग पाणी संपले की तोही उपाय संपतो. पाण्याची बाटली गाडीच्या हिसक्यांनी गळते व अंथरूण भिजते, म्हणून जाणते लोक पेटीत पाणी धरून ठेवणारा लगदा ठेवतात, पेट्यांमध्ये वारा खेळण्यास अंतर सोडतात, गाभण मादी दिवस भरत आल्यावर हलवीत नाहीत, आणि पोहोचल्यावर प्राण्यास काही दिवस विसावा देतात.

यावर आक्षेप असा येईल की, ही काळजी प्रयोगाचे निष्कर्ष बिघडू नयेत म्हणून घेतली जाते. ही दया नव्हे, व्यवहार आहे. आक्षेप खोटा नाही. कर्त्याच्या हेतूचा विचार शास्त्राने करावाच. तथापि तहानलेल्या जीवास पाणी मिळाले की नाही, ही गोष्ट पाणी देणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून राहत नाही. जीव हा पदार्थ एकाच जातीचा. उंदराचा देह आणि प्रोफेसराचा देह हा भेद देहाचा आहे. हेतू शुद्ध नाही म्हणून पाणीच देऊ नये, असे म्हणणारा तर त्याहून चुकतो.

लीळाचरित्रात पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली येऊन लपतो. पारधी मागतात, स्वामी देत नाहीत. पारधी निरोप घेतात, तेव्हाच ससा मोकळा होतो. गाडीतील ससा असा शरण आलेला नाही. त्याला धरून आणलेले आहे व पुढेही मोकळे रान नाही. ही उपमा पुरती जुळत नाही, हे कबूल केले पाहिजे. आणि चांगल्या पेटीत नेले म्हणून पुढच्या पिंजऱ्याचा प्रश्न मिटला असे कोणी मानू नये. पण काशीमिऱ्याच्या रांगेत पारधी मागे राहिलेला असतो, प्रयोगकर्ता अजून पुढे असतो, आणि मधल्या वेळेत त्या सशास गाडी हाकणाऱ्याखेरीज दुसरे कोणी नसते. त्याला मात्र बहुधा मागे काय भरले आहे एवढेदेखील कोणी सांगितलेले नसते. आणि गाडी दुपारी न सोडता रात्री सोडावी, हे ठरविणारा तर त्या रांगेत कधीच उभा नसतो.