पाखरू कुणाचे?

“आजोबा, सहकार्य म्हणजे साखर कारखाना ना?”

सुट्टीचा पहिलाच दिवस. स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास येत होता आणि मी स्टुलावर उभा राहून आकाशकंदिलाच्या वायरीशी झटापट करीत होतो. सातवीतली माझी नात वही घेऊन खाली उभी होती. शाळेने सुट्टीसाठी विषय दिला होता, ‘शाश्वत विकासाचे शिक्षण आणि राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य’. चार पाने, चित्रांसह.

मी हसलो, पण पोरीचे फारसे चुकले नव्हते. आमच्याकडे सहकार म्हटला की ऊस, दूधसंघ नाही तर पतपेढी. तुझा ऊस, माझा ऊस एकत्र गाळायचा आणि पैसा ज्याच्या त्याच्या उसाप्रमाणे वाटून घ्यायचा. हिशेब सरळ असतो. निदान असायला हवा! अवघड आहे ते दुसरेच सहकार्य. घालायचे आपण आणि मिळायचे भलत्यालाच. तोही असा की ज्याचे तोंड आपण जन्मात पाहणार नाही, किंवा जो अजून जन्मलेलाच नाही. असे वागणे मुलांना शिकवता येते काय? आणि येत असेल, तर ते शिकवण्याचा अधिकार कुणाला?

हा प्रश्न मला नवा नाही. मी जन्मभर मास्तरकी केली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे असे सांगितले आणि २००३ साली तेच पुन्हा, जरा करड्या आवाजात, सांगितले. जगाच्या पाठीवरही वारे त्याच दिशेने वाहत होते. २००२ च्या जोहान्सबर्ग परिषदेत जपानने सूचना मांडली आणि संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे शाश्वत विकासाच्या शिक्षणाचे दशक म्हणून जाहीर केले. युनेस्कोने त्याची धुरा घेतली. आमच्या शाळेत विषय आला, पुस्तक आले, गुण आले.

त्याच दशकातल्या एका वर्षी मी वर्गाला ‘जलप्रदूषण’ हा प्रकल्प दिला. चाळीस मुलांनी चाळीस नद्या करून आणल्या, आणि झाडून साऱ्या थर्माकोलच्या. (महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली ती पुढे २०१८ साली.) नदी थर्माकोलची, झाडे थर्माकोलची, नदीत पडलेला कचरा तेवढा खरा. मी दहापैकी आठ-आठ, नऊ-नऊ गुण दिले. वर्ष संपल्यावर शिपायाने ‘याचे काय करू?’ म्हणून विचारले, तेव्हा मी हातानेच मागची बाजू दाखवली. शाळेमागे ओढा आहे. पहिल्या पावसात आमच्या चाळीस नद्या त्या ओढ्यातून वाहत गेल्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला दुसरे एक गाव आहे. त्या दिवशी ते माझ्या मनातसुद्धा आले नाही.

म्हणून नातीला मी व्याख्या सांगितली नाही. एका पाखराची गोष्ट सांगितली, कारण ते पाखरू याच दिवसांत आपल्या देशावरून जाते.

त्याचे नाव अमूर ससाणा. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बेसनाचे तीन-चार लाडू. आग्नेय सैबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीन या मुलखात तो अंडी घालतो आणि थंडीचे महिने काढायला दक्षिण आफ्रिकेत जातो. जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरांहून अधिक वाट होते. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो आपल्या ईशान्येकडच्या डोंगरांत उतरतो, पावसाळ्यानंतर बाहेर पडणाऱ्या पंखवाल्या वाळवीवर धष्टपुष्ट होतो, आणि मग सारे द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर झेप घेतो. समुद्रावर विसावा कुठला! त्याच सुमारास चतुरांचे थवेही तो समुद्र ओलांडतात. त्यांच्यावरच ससाण्यांची गुजराण होत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आपल्या लोणावळ्याच्या डोंगरांवरही हे पक्षी लोकांनी पाहिलेले आहेत. अशा पक्ष्याला अतिथी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. याची तर तिथी पंचांगात घालावी इतकी नक्की! दिवाळीला येणारी लेक म्हणा हवे तर. माहेर कुठले आणि सासर कुठले, हे मात्र तिचे तिलाच ठाऊक.

नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झाले आणि २००० साली तेथे वीज तयार होऊ लागली. पांगटी गावच्या लोथा नागा लोकांची शेते त्या पाण्याखाली गेली. शेतकऱ्याचे कोळी झाले. पुढे त्या जलाशयाच्या काठच्या झाडांवर अमूर ससाणे लाखांनी रात्रीच्या मुक्कामाला येऊ लागले. माशांसाठी घेतलेली नायलॉनची जाळी झाडांमधून उभी टांगली की पक्षी आपोआप अडकतात, हे कळायला कितीसा वेळ लागणार? २०१२ च्या ऑक्टोबरात बानो हरालू या पत्रकार बाई, रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सु यांनी तेथे जाऊन पाहिले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे भर हंगामात दिवसाला बारा-चौदा हजार पक्षी धरले जात होते, आणि त्या एका हंगामात मारल्या गेलेल्यांची संख्या लाखाच्या वर गेली होती.

पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, ही संख्या शून्यावर आली. ग्रामसभेने मनाई केली, चर्चमधून सांगितले गेले, वनखाते हलले, आणि मुलांसाठी निसर्गमंडळे निघाली.

गोष्ट इथेच थांबवली तर ती कीर्तनात शोभेल. पण पुढचाच भाग खरा टोचणारा आहे. शेते पांगटीची बुडाली. वीज तारांवरून दूरदूर गेली. पक्षी विकून आलेल्या पैशात पोरांच्या शाळेचा खर्च भागत असे, असे तिथल्या माणसांनीच सांगितलेले आहे. म्हणजे ज्या पाखराच्या जिवावर पोरगा शाळेत गेला, त्याच पोराला शाळेत शिकवायचे की बापाने पाखरू मारणे वाईट! कोणत्या तोंडाने शिकवायचे? आणि शिकवणारे कोण? ज्यांच्या घरात दिवे जळतात ते?

बरीच वर्षे मी या प्रश्नाला एक उत्तर देत आलो. बिरबलाची दुधाच्या हौदाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. रात्री प्रत्येकाने हौदात एक लोटा दूध ओतायचे. सगळ्यांचे दूध असताना माझे लोटाभर पाणी कुणाला कळणार, असे प्रत्येकाला वाटले आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला निघाला. ती माणसे काही दुष्ट नव्हती. त्यांना शेजाऱ्याचा लोटा दिसत नव्हता, एवढेच. राष्ट्रांचे करारमदार म्हणजे त्या हौदापाशी लावलेला दिवा, असे मी म्हणे. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांसाठी १९७९ साली बॉनला असा करार झाला. १९८३ पासून भारत त्यात आहे. पलीकडच्या देशातली मुलेही हाच धडा शिकत आहेत, हे खरेपणाने सांगता आले तरच आपण आपल्या मुलाला सांगू शकतो की बाबा, तू एकटा वेडा नाहीस.

उत्तर दिसायला नेटके आहे. पण २०२० च्या फेब्रुवारीत गांधीनगरला या कराराच्या सभासदांची मोठी सभा भरली, तेव्हासुद्धा रशिया आणि चीन या करारात नव्हते. ज्या देशांत पाखराचे घरटे, त्यांतले दोन सर्वांत मोठे देशच बाहेर! आणि पांगटी तर या कशासाठीच थांबली नाही. दुसऱ्या टोकाला कोण काय ओततो हे न पाहता तिने अंधारातच आपला लोटा दुधाचा ओतला. माझ्या नेटक्या उत्तरात असल्या गावाला जागाच नाही.

मग सहकार्याचा उपयोग काय? मला वाटते, तो २०१३ च्या नोव्हेंबरात दिसला. भारतीय वन्यजीव संस्थेचे आणि हंगेरीचे पक्षितज्ज्ञ पांगटीला आले. त्यांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमची यंत्रे बसवली आणि त्यांना नावे दिली नागा, वोखा आणि पांगटी. वोखाचे संदेश लवकरच थांबले. पण नागा आणि पांगटी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचले आणि पुढच्या वर्षी परत आले. आपल्या गावाचे नाव घेतलेले पाखरू कोणत्या देशावरून चालले आहे, हे गावात कळू लागले. कायद्याने एवढेच सांगितले असते की मारू नका. या यंत्रांनी पाखराचा दुसरा मुक्काम दाखवला. मला माझ्या ओढ्याच्या खालचे गाव कुणी असे दाखवले असते तर मी शिपायाला निराळे उत्तर दिले असते, असे मला वाटते. खात्री मात्र देत नाही.

दुसऱ्या टोकाची हकिकतही सांगायला हवी. २०१९ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात जबर गारपीट झाली आणि झाडांवर मुक्कामाला असलेले शेकडो अमूर ससाणे मेले. जे जखमी होते ते लोकांनी वेचून आणले आणि सांभाळले. पांगटीचे उपकार फेडावेत म्हणून त्यांनी हे केले नव्हते. पाखरू पायाशी पडले होते म्हणून केले. तरी दोन्ही टोकांचे दूध एकाच हौदात पडले.

पांगटीचा हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही. पाहुणे आले, छायाचित्रे निघाली, कौतुक झाले. पण जाळ्यातून जेवढे मिळत होते तेवढे यातून मिळत नाही, असे तिथल्या काहींनी बोलून दाखवले आहे. त्यांना लोभी म्हणणारे आमच्या चहाच्या बैठकीत निघतात. मला ते पटत नाही. एका पाखरासाठी डझनभर देशांनी मिळून जो खर्च करायचा, तो एका डोंगराळ गावाच्या चुलीवर टाकायचा आणि वर त्याला शिक्षण म्हणायचे, ही मास्तरकी मी थर्माकोलच्या दिवसांत पुष्कळ केलेली आहे. आता परिषदांमधून होणारे ठराव वाचले की मी पहिल्यांदा पाहतो ते हे, की पैसे कुणी द्यायचे ते कुठे लिहिले आहे काय.

हे सगळे मी नातीला सांगितले, थर्माकोलसकट. तिने मध्ये एकदाच विचारले, “मग ते पाखरू कुणाचं?” मी म्हटले, “तू काय लिहितेस ते पाहू.” तिकडून सूनबाईंनी चकल्यांची ताटली आणून ठेवली, तीही तशीच राहिली.

संध्याकाळपर्यंत चार पाने भरली. तिसऱ्या पानावर नकाशा होता. सैबेरियापासून आफ्रिकेपर्यंत एक लाल रेघ आणि रेघेवर पांगटीचा ठिपका. पेन्सिल तोंडात धरून ती बराच वेळ नकाशाकडे पाहत बसली.

“आजोबा, तुमच्या शाळेच्या ओढ्याखालच्या गावाचं नाव काय?”

मी सांगितले. तिने ते आपल्या बारीक अक्षरात, समुद्राच्या थोडे अलीकडे, लिहिले. मी पुन्हा स्टुलावर चढलो. कंदिलाची वायर अजून जोडायचीच होती.