सांत्वनाचा अधिकार

कॉलेजची पायरी मी चढलो नाही. मॅट्रिकनंतर जे इंग्रजी वाचले ते शब्दकोश मांडीवर घेऊन. अलेक्झांडर पोपचे ‘एसे ऑन मॅन’ हे १७३३-३४ सालचे काव्य असेच वाचले आणि भारावून गेलो. विश्वाच्या रचनेचा एक कोपराच आपल्याला दिसतो, म्हणून दुःख हा अन्याय वाटतो. सगळे चित्र दिसले तर सारे यथायोग्यच आहे हे पटेल, असे पोप सांगतो.

पुढे वर्गातल्या एका मुलाचे वडील वारले. मी समाचाराला गेलो आणि त्याच्या आईला म्हणालो, “देव करतो ते बऱ्यासाठीच.”

त्या माउलीने मान वर केली. “कुणाच्या बऱ्यासाठी, मास्तर?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पोप पुन्हा उघडला.

पोपला दुःख ठाऊक नव्हते असे नव्हे. मणक्याच्या क्षयाने त्याला कुबड आले होते. उंची साडेचार फुटांवर खुंटली होती. कॅथलिक म्हणून विद्यापीठांची दारे बंद होती. अशा माणसाने ‘आहे ते योग्य’ म्हणावे, हे धैर्यच. पण १७२८ च्या ‘डन्सियड’मध्ये हाच पोप सुमार लेखकांच्या दारिद्र्याचीही टिंगल करतो. भूकंपाला विश्वरचनेत जागा देणाऱ्या कवीला एका भिकार कवितेला मात्र तिथे जागा देता आली नाही!

१७५७ साली सोम जेनिन्स या सुखवस्तू गृहस्थाने पोपचाच धागा धरून पुस्तक लिहिले आणि गरिबांचे अज्ञान हे त्यांच्या दुःखावरचे औषध ठरवले. सॅम्युएल जॉन्सनने परीक्षणात त्याचे वाभाडे काढले. पैशाअभावी ऑक्सफर्ड सोडावे लागलेला हा माणूस. दारिद्र्य सोसायला सोपे असे लिहिणाऱ्यांनी ते जवळून पाहिलेले नसावे, हा त्याचा रोख. त्यातून पोपही सुटला नाही. जॉन्सनची स्वतःची १७४९ ची ‘व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस’ ही कविताही माणसाच्या आशा फोल ठरवते. पण ती दुःखाला चांगले म्हणत नाही. शेवटी ते सोसण्याचे बळ देवाकडे मागावे, इतकेच सांगते.

पोपचे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवण्याइतका मी शहाणा नाही. एवढे मात्र उमगले, की ते वाक्य ज्याचे त्याने स्वतःशी म्हणायचे असते. स्वतःच्या दुःखाला लावले तर ते धैर्य. दुसऱ्याच्या दुःखाला लावले तर तोच निष्ठुरपणा.

आता समाचाराला जातो तेव्हा गप्प बसतो. निघताना विचारतो, “बाजारातून काही आणायचे आहे का?”